धाकट्यांच्या खिशातले शेंगदाणे

या, असे अलीकडे सरका. खिडकीतून गार वारा येतोय, आणि घसा ताणून बोलायला डॉक्टरांनी मला तूर्त मनाई केली आहे. आज तुम्हाला एक आख्यान सांगतो. त्यात युद्ध नाही, राक्षस नाही. वनवास आहे, पण तो परसातला. एका तुटक्या शेपटीच्या चिमणीपायी मी माझ्याच घरातली माझी जागा कशी घालवून बसलो, त्याची ही हकिकत. शेवटी एक मागणं आहे, ते ऐकून मग उठा. मधेच उठलात तरी मी रागावणार नाही. कीर्तनातून मधेच उठणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. फक्त जाताना त्यांच्यासारख्या दुसऱ्याच्या चपला घालून जाऊ नका.

कीर्तनाचा विषय निघालाच आहे तर आधीच सांगतो, मी त्यातला वेडा माणूस आहे. बुवांनी पहिला सूर लावला की माझे डोळे भरून येतात आणि हात आपोआप टाळी धरतात. आता ती टाळी नेमकी कुठे पडते, हा वादाचा मुद्दा आहे. एकदा बुवांनीच मला बाजूला घेऊन फार प्रेमाने सांगितलं, "भक्तीत तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात, तालात जरा मागे. तेव्हा बसताना मागेच बसत जा, खांबाआड." तेव्हापासून मी खांबाआड बसतो आणि कोटाच्या खिशातले शेंगदाणे तोंडात टाकत राहतो. तोंड भरलेलं असलं म्हणजे गळा आवरतो. हा कोट आणि हे शेंगदाणे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर, कमरेचं हाड मोडल्यापासून माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. खिडकीशी खुर्ची, पायांवर शाल आणि समोर परस: एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी, गळका नळ आणि पाठीमागची भिंत. आत्याचा जन्माचा एक नेम होता. आपल्या पोटात घास जाण्याआधी एका मुक्या जिवाच्या पोटात जायला हवा. चालती होती तेव्हा ती स्वतः अंगणात दाणे टाकायची, पाखरू टिपेपर्यंत उभी राहायची आणि मग जेवायची. आता दाणे आम्ही टाकायचो आणि ती खिडकीतून बघायची. नेम तोच.

रोज येणाऱ्या चिमण्यांत एक होती शेपूट तुटलेली. आत्याने तिचं नाव ठेवलं होतं लांडी. "बघ, कशी कमरेत वाकून चालते! माझीच धाकटी बहीण," म्हणायची आणि आनंदाने पहिला घास घ्यायची.

सगळं छान चाललं होतं, आणि त्या वर्षीची थंडी पडली. धुकं असं, की भिंत दिसायची बंद झाली. नळाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब लोंबकळायचा, पडायचं नाव घेत नसे. पाखरं येईनाशी झाली. आत्या खिडकीला नाक लावून बसायची आणि ताट निवून जायचं.

"आत्या, आत्ताच येऊन गेली चिमणी," आमची ही एकदा धीर करून म्हणाली. "तुम्हाला डुलकी लागली होती ना, तेव्हा."

"हो का? मग दाणे तसेच कसे? वास घेऊन गेली वाटतं."

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या उपाशीपोटी चालायच्या नाहीत. आत्या दूध घ्यायची, कारण दूध हे काही जेवण नव्हे असा निकाल तिने स्वतःच्या कोर्टात लावून घेतला होता. पण नुसत्या दुधावर ती वाळत चालली होती. शालीच्या घड्या वाढत होत्या आणि आतली आत्या कमी होत होती. शेवटी हिने कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "अहो, तुम्ही एवढी वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसलात. आता घरातली एक तक्रार निवारणार का?"

हे माझ्या वर्मी लागलं. मी तडक सुताराकडे गेलो.

सुतार कामाचा चोख, पण त्याने जन्मात कपाटांशिवाय काही केलं नव्हतं. मी म्हटलं, "पाखरांना दाणे टिपायला आडोसा हवा. छोटंसं घर कर." त्याने मान डोलावली आणि चार दिवसांनी एक छोटंसं कपाट आणून लिंबाच्या फांदीखाली खांबावर ठोकलं. दोन झडपांचं दार, पितळी मुठी, आत दोन फळ्या, आणि वरून चकचकीत लाल पॉलिश.

"अरे, याला दार कशाला?"

"वारं लागू नये म्हणून. कडी आतून लावू की बाहेरून?"

"चिमणी कडी काढणार कशी?"

सुताराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "ते गिऱ्हाइकाने बघायचं असतं. आम्ही माप घेतो."

पॉलिशच्या वासाने परसातल्या मुंग्यासुद्धा स्थलांतर करून गेल्या. एकही चिमणी फिरकली नाही. तेव्हा भिंतीपलीकडून आमचे शेजारी हवामानखाते उगवले. त्यांचं हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्यांचा डावा गुडघा दुखला की पाऊस, उजवा दुखला की थंडी, आणि दोन्ही दुखले की त्यांची बायको माहेरी, असा त्यांचा अनुभव होता.

"दार काढा," ते म्हणाले. "आणि आत ऊब करा. तुम्ही स्वतः चिमणी आहात असं समजा. अशा लाकडाच्या गार फळीवर तुम्ही बसाल का?"

मी डोळे मिटून स्वतःला चिमणी समजायचा प्रयत्न केला. वजनाचा प्रश्न सोडला तर मुद्दा पटला. मी एक झडप काढली, आत हिचा जुना लोकरी स्कार्फ अंथरला, कडेने कापूस भरला. संध्याकाळी आत हात घालून पाहिला तर अशी ऊब, की मलाच राहायला जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओरडली, "अहो, आलं! घरात कुणीतरी आलं!" आत्यासकट आम्ही सगळे खिडकीशी धावलो, म्हणजे आत्या मानेने धावली. दाणाघरात, हिच्या स्कार्फावर, पुढचे पाय छातीशी घेऊन गल्लीतलं भलं थोरलं मांजर घोरत पडलं होतं. उरलेली झडप त्याने अर्धी लोटून घेतली होती. वारं लागू नये म्हणून.

"सुताराला कळवा," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक खूश आहे."

मी मांजर हाकललं, ते परत आलं. पुन्हा हाकललं, ते जांभई देऊन परत आलं. तेव्हा मी रीतसर मार्ग धरला. नगरपालिकेत प्राण्यांच्या तक्रारीची खिडकी आहे, तिथे जाऊन उभा राहिलो. खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेल्या माणसाने बाहेरच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगता यायचं नाही. काच तीच, भोक तेच, पण गार वारा या बाजूला.

"मांजर पाळीव की भटकं?" आतल्या तरुणाने मान वर न करता विचारलं.

"भटकं."

"राहतं कुठे?"

"माझ्या परसात. दाणाघरात."

"घर तुम्ही दिलंत?"

"हो, पण ते चिमण्यांसाठी."

"अंथरूण?"

"तेही मीच. पण..."

"म्हणजे पाळीव झालं. तुमचंच मांजर. स्वतःच्या मांजराविरुद्ध तक्रार घेता येत नाही." आणि मग त्याने ते दोन शब्द उच्चारले. "उद्या या."

अहो, ते शब्द मी जन्मभर उच्चारले, पण त्यात थोडा गोडवा असे, किंचित आशा असे! याने नुसते भिरकावले. कला बुडाली, एवढंच म्हणतो.

परतताना हवामानखात्यांनी वाटेत गाठलं. "खिडक्यांच्या नादी कशाला लागता? माणूस परसात उभा असला की मांजर येत नाही. तुम्ही काही दिवसभर थंडीत उभे राहणार नाही. मग तुमच्याऐवजी एक करून उभा करा."

काय बुद्धी! मी त्याच दिवशी बांबू आणले, आडवे-उभे बांधले, पेंढा भरला. अंगात माझा तो कीर्तनाचा कोट, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, डोळ्यांवर माझा जुना चष्मा. माझ्याच उंचीचा, माझ्याच बांध्याचा, आणि पेंढा थोडा खाली सरकल्यामुळे पोटही हुबेहूब. लांबून पाहिलं आणि मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

ही दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? बुजगावणं पाखरं हाकलायला लावतात ना?"

भिंतीपलीकडे हवामानखाते खाली वाकून गुडघा चोळू लागले.

"हे तसलं नाही," मी म्हटलं. "हे मांजराचं आहे."

"पाखरांना कोण सांगणार?"

अशा प्रश्नांना सुशिक्षित माणसाने उत्तर द्यायचं नसतं. मी आत जाऊन चहा घेतला. बाहेर येऊन पाहतो तर मांजर दाणाघर सोडून बुजगावण्याच्या पायाशी वेटोळं करून निजलेलं. त्याला बहुधा वाटलं, घरमालक सोबतीला आले.

दोन दिवस आत्याने दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी मी ते सोंग उपटायला निघालो, तोच तिने खिडकीच्या काचेवर टकटक केली. "थांब! हलू नकोस!"

धुक्यातून लांडी आली होती. आधी ती बुजगावण्याच्या आडव्या हातावर बसली. मग खांद्यावर. मग टुणकन उडी मारून कोटाच्या खिशात घुसली आणि चोचीत शेंगदाण्याचा तुकडा घेऊन बाहेर आली. अहो, वर्षानुवर्षांच्या कीर्तनांचे शेंगदाणे त्या खिशाच्या शिवणीत अडकून राहिले होते! मागोमाग आणखी चिमण्या आल्या. हातावर रांग लागली, टोपीवर एक बसली, चष्म्यावर एकीने नको ते केलं. मांजराने एक डोळा उघडून पाहिलं आणि माणसाच्या अंगाखांद्यावरची शिकार करणं बरं दिसत नाही, अशा सभ्यतेने पुन्हा मिटला.

"वाढ गं," आत्या म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे हात जोडले आणि डोळे पुसले. ते कांद्यामुळे असं हिला सांगितलं.

पण पुढे जे झालं ते मला जड गेलं. बुजगावण्याचं घरात प्रस्थ वाढलं. आत्याने त्याचं नाव ठेवलं 'धाकटा'. "थोरला बोलतो फार, धाकटा कामाचा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आमची ही तर त्याला अहो-जाहो करू लागली. रोज सकाळी पहिला प्रश्न, "धाकट्यांचा खिसा भरला का?" लग्नाला एवढी वर्षं झाली, माझा खिसा तिने हलका केलेला आठवतो, भरलेला आठवत नाही. एकदा वारा सुटला तर आपला नवा मफलर नेऊन तिने त्याच्या गळ्यात गुंडाळला. मला शिंका येत होत्या, त्या कुणी मोजल्यासुद्धा नाहीत.

आता पलीकडच्या वहिनींकडे वळू. त्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या. मनाने फार कनवाळू, नजरेने जरा अधू. त्यांच्या खिडकीतून आमचा परस दिसायचा. त्यांना काय दिसलं? एक वृद्ध गृहस्थ भल्या पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत थंडीत हात पसरून उभे आहेत. बायको येते, खिशात काहीतरी कोंबते, हे केलंत का, ते नीट धरलंत का, असं दरडावते आणि आत जाऊन दार लावून घेते. खिडकीत एक म्हातारी बसून हसते! वहिनींनी दोन दिवस देवाचा धावा केला आणि मग ज्येष्ठांच्या छळाची चौकशी करणाऱ्या कचेरीत फोन केला.

यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी आम्ही वेगळ्याच संकटात होतो. वारा असा सुटला होता, की दाणाघराची राहिलेली झडप शेजारी जाऊन पडली. आणि धाकटे? धाकटे चिखलात पालथे, कण्याचा बांबू दोन ठिकाणी मोडलेला, पेंढा गल्लीभर.

"धाकटे गेले हो!" हिने हंबरडा फोडला.

"हळू बोल! आत्या उठेल. पडदा उघडायची वेळ झाली." आदल्या दिवसापासून तिला बारीक ताप होता, आणि आज जेवण आणि गोळ्या चुकवून चालणार नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

हिने माझ्याकडे पाहिलं. धाकट्यांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतली तुलना मला कळली. मी मुकाट्याने चिखलातला कोट झटकून अंगात घातला, ओली माकडटोपी कानांवर ओढली आणि लिंबाखाली हात पसरून उभा राहिलो. हिने खिसा भरला. माझा, एकदाचा!

"पोट जरा आत घ्या."

"धाकट्यांचं एवढंच होतं."

"त्यांचा पेंढा होता, आता बोलू नका."

पडदा सरकला. आत्या खिडकीत दिसली. मी श्वास रोखला. भिंतीपलीकडून हवामानखात्यांनी कुजबुजून धीर दिला, "उजवा गुडघा फार दुखतोय, थंडी वाढणार!" मांजर आलं आणि माझ्या पायावर बसलं, खोटं कशाला बोलू, तेवढीच ऊब. नाकाच्या शेंड्यावर नळासारखा थेंब जमला, तो पुसायला हात नव्हते. हात परोपकारात गुंतले होते.

आणि लांडी आली! माझ्या मनगटावर बसली. केवढीशी ती, तिचं काळीज माझ्या नाडीवर धडधडत होतं. ती खांद्याकडे सरकली. आता खिशात उतरणार, एवढ्यात परसाचं मागचं दार करकरलं. पलीकडच्या वहिनी, आणि त्यांच्यामागे चौकशीच्या मॅडम.

"बघा! बघा!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी खोटं सांगत होते का?"

मॅडम हळुवार पावलं टाकत आल्या. "काका, घाबरू नका. तुम्हाला इथे कोण उभं करतं?"

मी ओठ न हलवता म्हणालो, "शू. मी बुजगावणं आहे."

मॅडमनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"किती दिवस असं वाटतंय तुम्हाला?"

"आजच. माझा धाकटा सकाळी वारला."

एवढ्यात ही दारातून करवादली, "अहो, हलू नका म्हटलं ना! आत्यांचं व्हायच्या आधी हललात तर आज चहा नाही!" मग पाहुणे दिसले आणि तिचा चेहरा पेंढ्यासारखा झाला.

आता अशा प्रसंगी, थंडी, भीती आणि अब्रू तिन्ही एकदम जायची वेळ आली असता, भाविक माणूस काय करतो? नामाचा आधार घेतो. खिशातला शेंगदाणा तोंडात टाकायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे गळा आवरला नाही. माझ्या तोंडून भजनाची ओळ सुटली. मुळात मनातल्या मनात होती, पण उत्साह वाढत गेला. आणि लांडी, सगळी पाखरं, मांजरसुद्धा, भुर्रकन गेली. एकीनेही दाणा टिपला नव्हता.

संपलं. मी गातागाता थांबलो आणि हात खाली पडले. आत्याचा घास मी माझ्या गळ्याने हुसकावून लावला होता.

खिडकीची काच वर गेली. "अगं सूनबाई," आत्याचा आवाज आला, "त्याला इकडे आण. खिडकीशी."

मी चिखलातून फरफटत गेलो. "आत्या, मी थोरला गं."

"पडदा उघडला तेव्हाच कळलं. धाकट्याचं नाक गळत नाही. आणि गायलास तेव्हा तर खांबाआडच्यांनासुद्धा कळलं असेल." तिने आपलं ताट मांडीवर ओढलं, घास केला आणि खिडकीतून पुढे धरला. "आ कर."

"अगं, तुझा नेम..."

"नेम काय माझा? आधी मुक्या जिवाच्या पोटात. सकाळपासून उपाशी, थंडीत, तोंड मिटून उभं राहिलेलं एक जनावर मला दिसतंय. गायलं, पण ते बोलणं धरत नाहीत. आ कर."

मी आ केला. तो घास मी चिखलात उभ्यानेच गिळला. दुसरा घास आत्याने स्वतःच्या तोंडात घातला आणि चावता चावता चौकशीच्या मॅडमकडे पाहिलं.

"तुमचं काय काम होतं बाई?"

"आजी, मला या काकांबद्दल थोडी विचारपूस..."

"आत्ता आमची जेवायची वेळ आहे," आत्या म्हणाली, इतक्या गोड, इतक्या आशेच्या सुरात की माझी उभी नोकरी ओवाळून टाकावी. "उद्या या."

मॅडम हसू दाबत गेल्या. दुसऱ्या दिवशी खरंच आल्या, पिशवीभर शेंगदाणे घेऊन. वहिनी तर येऊनजाऊन राहिल्या. धाकट्यांना नवा बांबू त्यांनीच आणून दिला. आणि जेव्हा जेव्हा धुक्यात पाखरं आली नाहीत, तेव्हा तेव्हा आत्याने मला खिडकीखाली उभं करून पहिला घास भरवला. आत, टेबलाशी बसून चाललं नसतं का, असं मी एकदा विचारलं. "पाखरं टेबलाशी बसतात का?" म्हणाली. त्या हिवाळ्यात मला तीनदा पडसं झालं आणि आत्याचं वजन वाढलं.

तीन हिवाळे ती तशी जेवली. आता खुर्ची रिकामी आहे. धाकटे अजून लिंबाखाली आहेत, दाणाघरात मांजराची तिसरी पिढी आहे. पाखरं येतात, टिपतात, जातात. कधी येत नाहीत. तेव्हा मी आपला सवयीने खिडकीखाली जाऊन उभा राहतो. मग ही काच वर करते आणि घास पुढे धरते.

तर माझं मागणं एवढंच. तुम्ही जेवायला बसाल, घास उचलाल, तेव्हा क्षणभर थांबून माझ्या आत्याची आठवण काढा. आसपास पाखरू असेल तर त्याला दाणा टाका. नसेल तर घरातलं एखादं बेताल गाणारं, उपाशी जनावर शोधा आणि त्याला म्हणा, आ कर.